शेजारची टीम पिटमध्ये मोटर मागायला येते तेव्हा

रोबोंची स्पर्धा जवळ आली की आपले सुटे पार्ट दुसऱ्या टीमला द्यायचे का, हा विषय प्रत्येक टीमच्या ग्रुपवर निघतोच. एखादे पालक विचारतात, "एवढे पैसे घालून मागवलेले पार्ट दुसऱ्यांना का द्यायचे?" एखादी मुलगी म्हणते, "ताई, ते तर आपल्याच विरुद्ध खेळणार!" मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स बघते आणि सुट्टीच्या दिवशी फर्स्ट टेक चॅलेंज या रोबोंच्या स्पर्धेत उतरणाऱ्या शाळकरी मुलांच्या एका टीमबरोबर मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून असते. मुलं नुसतं एफटीसी म्हणतात, मीही तेच म्हणते. माझं मत पक्कं आहे: पार्ट द्यायचे. पण काय द्यायचं, काय राखून ठेवायचं, कुणी द्यायचं आणि ते परत कसं यायचं, हे घरून ठरवून निघा. मॅचला दहा मिनिटं उरलेली असताना पिटमध्ये, म्हणजे हॉलमधल्या टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, ठरवायला बसलात, तर एक तर नको ते देऊन बसाल, नाही तर देण्यासारखं असूनही हात आखडता घ्याल.

आधी खेळाचा हिशेब

एफटीसीची मॅच अडीच मिनिटांची. पहिली ३० सेकंदं रोबो आपल्या प्रोग्रॅमवर चालतो, पुढची दोन मिनिटं मुलांच्या हातातल्या गेमपॅडवर. मैदानात चार रोबो, दोन-दोनच्या दोन आघाड्या. पात्रता फेऱ्यांत तुमचा जोडीदार कोण, हे वेळापत्रकच ठरवतं. सकाळी समोर उभी असलेली टीम दुपारी तुमच्या बाजूला येऊ शकते, आणि तेव्हा तिचा रोबो जागेवरून हलत नसेल तर दोघांशी तुम्हाला एकट्यानं खेळावं लागेल. पालकांना हे कागदावर चौकोन काढून दाखवा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

निम्माच, कारण बाद फेरीत समोरचा समोरचाच असतो, तेव्हा हा हिशेब चालत नाही. तिथे ही स्पर्धा कशासाठी सुरू झाली ते सांगावं लागतं. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ही स्पर्धा भरवणारी फर्स्ट ही संस्था काढली, पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये झाली. एमआयटीतले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होते. 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' हा शब्द त्यांनीच या मुलांच्या तोंडी बसवला. त्याचा अर्थ मी मुलांना असा सांगते: जीव तोडून खेळा, पण समोरच्याचा रोबो बंद पडावा म्हणून देव पाण्यात ठेवू नका. फर्स्टच्याच मोठ्या मुलांच्या एफआरसी स्पर्धेत २०१२ साली तर मैदानाच्या मधोमध एक पूल ठेवला होता. दोन विरोधी आघाड्यांचे रोबो त्यावर एकत्र तोल सांभाळून उभे राहिले की मानांकनाचे गुण दोघांनाही. विरोधकाला मदत करणं त्यांनी थेट नियमातच बसवलं, याचं मला फार कौतुक आहे.

सगळ्या स्पर्धा अशा नसतात. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या रोबोकॉनमध्ये आमनेसामने लढत असते. २००८ मध्ये आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन पुण्यात झाली, तेव्हा खेळाचा विषय चक्क दहीहंडीचा होता. तिथली यंत्रं मुलांनी मुळापासून स्वतः बनवलेली असतात, एकाचा पार्ट दुसऱ्याला सहसा बसतच नाही. त्यामुळे तिथे देवाणघेवाण मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, वायर आणि न्यूमॅटिकच्या फिटिंगची. एफटीसीत मात्र निम्म्या टीम त्याच दोन-तीन कंपन्यांचं सामान वापरतात, म्हणून हा प्रश्न इथे रोजचा.

काय राखायचं: किंमत बघू नका, यायला लागणारे दिवस बघा

कारखान्यात आम्ही स्पेअरची तीन गटांत वाटणी करतो: व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. नसला तर मशीन उभं राहील तो पहिला, नसला तर काम कसंबसं रेटता येईल तो दुसरा, असला तर बरा तो तिसरा. बाहेरून यायला महिना लागणारा दोनशे रुपयांचा ऑइल सील कपाटात कुलपाखाली असतो, आणि भोसरीत तासाभरात मिळणारी हजारोंची मोटर उघड्या रॅकवर.

रोबोच्या पेटीलाही हेच लावा. रेव्ह आणि गोबिल्डा या रोबोचं सामान बनवणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्या. रेव्हचं सामान टेक्सासहून येतं, गोबिल्डाचं कॅन्ससहून. तिथल्या टीमनं आज ऑर्डर दिली तर थोड्याच दिवसांत दारात. आपल्याकडे कुरिअर, कस्टम्स, ड्युटी, मग पुन्हा कुरिअर. म्हणून "त्यांनी तयारी का नाही केली?" असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. तयारी केलेली असते, पार्सल कस्टम्समध्ये अडकलेलं असतं. उलट एम३, एम४ चे स्क्रू रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किलोनं मिळतात. वायर, फेरूल, हीटश्रिंक, फ्यूज तापकीर गल्लीत, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर. असल्या वस्तू मोजत बसू नका, मूठभर द्या.

प्रत्येक पार्टसमोर दोनच प्रश्न लिहायचे. हा गेला तर आमचा रोबो उभा राहील का? आणि आज संध्याकाळच्या आत दुसरा मिळेल का? मागणारी टीम कोण, तिची शाळा कुठली, गेल्या वर्षी तिनं आपल्याला हरवलं होतं का, याला यादीत जागा नाही.

त्यातून तीन डबे तयार होतात. पहिल्यावर 'देऊन टाकायचं': स्क्रू, नायलॉक नट, झिप टाय, वेल्क्रो, शाफ्ट कॉलर, वायरीचे तुकडे. हे परत मागायचं नाही, मुलांना तसं स्पष्ट सांगून ठेवा. दुसऱ्यावर 'उसनं': मोटर, सर्वो (ठरावीक कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर, एन्कोडरच्या (मोटरचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या) केबल, ॲलन की. तिसरा डबा मेंटॉरच्या बॅगेत: कंट्रोल हब (रोबोवरचा मेंदू), ड्रायव्हर हब (गेमपॅड जोडतात ते हातातलं यंत्र), आणि ज्याचा एकच नग आहे असं काहीही. तिसऱ्यातलं द्यायचंच नाही असं नाही. ते देताना दोन्ही टीमच्या मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं, एवढाच फरक.

दोन गोष्टी मात्र कधीच देऊ नका. एक, आपल्या रोबोवर लागलेला पार्ट काढून. मुलं हळवी असतात, स्वतःचा चालता रोबो उघडायला निघतात. थांबवा त्यांना. दुसरी, पुढच्या मॅचसाठी चार्ज केलेली बॅटरी आणि तिच्यामागची एक. त्यानंतरच्या खुशाल द्या.

एकुलता एक स्पेअर असेल तर? मी तो 'या मॅचपुरता' म्हणून देते. मॅच चालू असतानाच आपला एक मुलगा बाकीच्या पिटांतून फिरवायचा आणि त्या टीमसाठी दुसरा कायमचा शोधायचा. शिवाय पिट ॲडमिनच्या टेबलवर जाऊन माईकवरून घोषणा करायला सांगायची. हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी पेटीत तो पार्ट निघतोच.

देण्याआधी जुळतं का ते बघा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्क्रू. रेव्हच्या १५ एमएमच्या एक्स्ट्रूजनला (ॲल्युमिनियमच्या खाचेच्या पट्टीला) एम३ लागतो, गोबिल्डाला एम४. सॉकेट हेडच्या एम३ ला अडीचची ॲलन की, एम४ ला तीनची. टेट्रिक्स या जुन्या ब्रँडच्या सामानाला ६-३२ मापाचा अमेरिकन स्क्रू लागतो, त्याचा व्यास साडेतीन एमएम. तो दिसायला आपल्या मेट्रिकसारखाच दिसतो. बळजबरीनं आवळला की आटे गेलेच, आणि मैदानात चाक निखळतं. डबे वेगळे ठेवा आणि झाकणावर माप लिहा.

मोटर. "मोटर आहे का?" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. शाफ्ट कुठला आणि वेग किती, हे दोन्ही कळलं पाहिजे. गोबिल्डाच्या ५२०३ मालिकेला ८ एमएमचा रेक्स (गोलसर षटकोनी) शाफ्ट, ५२०२ ला ६ एमएमचा डी (एका बाजूनं चपटा) शाफ्ट. हब एकाचा दुसऱ्याला चढत नाही. वेगाचं तर त्याहून मोठं. ३१२ आरपीएमच्या मोटरचा शाफ्ट एक फेरा फिरला की एन्कोडर ५३७.७ टिक मोजतो, ४३५ आरपीएमची ३८४.५ मोजते. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात.

एकदा साताऱ्याकडची एक टीम आमच्या शेजारी होती. त्यांच्या ड्राइव्हच्या, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या, एका मोटरच्या गिअरबॉक्सचे दाते गेले. चारही चाकं ३१२ वर, आणि आमच्या डब्यात शिल्लक फक्त ४३५. आमची पार्ट सांभाळणारी मुलगी नववीतली. तिनं मोटर हातात दिली नाही, आधी विचारलं, "तुमच्या इनटेकला कुठली आहे?" इनटेक म्हणजे खेळातल्या वस्तू आत ओढून घेणारा भाग. इनटेकलाही ३१२ च होती. मग इनटेकची काढून चाकाला, आणि आमची ४३५ इनटेकला. इनटेकचा रोलर थोडा जोरात फिरला तर कुणाचं काही बिघडत नाही, पण चारांतलं एक चाक वेगळ्या हिशेबानं फिरलं तर स्वयंचलित ३० सेकंदांत रोबो तिरका जातो आणि मुलांना वाटतं कोडच बिघडला. मोटर देण्याआधी हा एक प्रश्न विचारायची सवय लावा: ही कुठे बसवणार? पुष्कळदा त्यांच्याच रोबोवर योग्य मोटर भलत्या जागी लागलेली असते.

सर्वो. शाफ्टवरचे दाते मोजा. बरेचसे सर्वो २५ दात्यांचे असतात, काही २४ चे, आणि हॉर्न (शाफ्टवर बसणारी पट्टी) चुकीचा लावला तर तो घसरतो किंवा दाते खातो. शिवाय आजकालचे सर्वो प्रोग्रॅम करता येतात. तुमच्याकडचा सर्वो सतत गोल फिरण्यावर लावलेला असेल आणि त्यांना ठरावीक कोनात थांबणारा हवा असेल, तर चालू करताच हात फिरून रोबोच्या फ्रेमवर आपटेल. म्हणून सर्वोबरोबर प्रोग्रॅमरही पाठवा आणि हॉर्न न लावता आधी नुसता फिरवून बघायला सांगा.

बॅटरी. १२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड, तीही नियमात मान्य असलेल्या मॉडेलचीच. कनेक्टर बघा: रेव्हच्या बॅटरीला एक्सटी३०, टेट्रिक्सच्या जुन्या बॅटरीला टामिया. मधला ॲडॅप्टर पेटीत असू द्या, तो फार जणांना लागतो. बॅटरी देताना त्यांची उतरलेली बॅटरी आपल्याकडे घ्या आणि जुळणाऱ्या चार्जरवर लावून टाका. तासाभरानं अदलाबदल, कुणी कुणाला शोधत फिरायला नको.

कंट्रोल हब. हा देणं म्हणजे नुसता डबा देणं नाही. त्याच्या वायफायचं नाव तुमच्या टीमच्या क्रमांकावर असतं, पुढे आरसी. ते बदलून त्यांचा क्रमांक टाकावा लागतो, नाही तर तपासणीत अडकेल. मग ड्रायव्हर हबशी जोडणी, दोन्हींच्या ॲपच्या आवृत्त्या जुळतात का ते बघणं, त्यांचा कोड चढवणं आणि कॉन्फिगरेशन (कुठे काय जोडलंय त्याची यादी) नव्यानं भरणं. कॉन्फिगरेशनमधलं मोटरचं नाव कोडमधल्या नावाशी अक्षरशः जुळावं लागतं. कॅपिटल अक्षराच्या जागी स्मॉल पडलं तरी प्रोग्रॅम सुरूच होत नाही. म्हणून हब द्यायचा तर बरोबर तुमचा प्रोग्रॅमिंगचा मुलगा अर्धा तास पाठवा, आणि त्याआधी हबमधला आपला कोड लॅपटॉपवर उतरवून घ्या. माणूस पाठवणं जमत नसेल तर हब देऊन उपयोग नाही, तसं सरळ सांगा.

आणि एक. पार्ट बदलल्यानं रोबोत मोठा फरक पडत असेल तर पुन्हा तपासणी लागते. मोठा म्हणजे किती, हे त्या वर्षीच्या मॅन्युअलमध्ये बघा, शंका असेल तर रोबो तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला विचारा. ते पिटमध्येच फिरत असतात आणि मुलांनी येऊन विचारलेलं त्यांना आवडतं. मोटरची आणि सर्वोची कमाल संख्याही मोजा. देणाऱ्याच्या चांगुलपणामुळे घेणारा नियमाबाहेर जायला नको.

वही, टेप आणि एक मुलगी

पार्ट द्यायचा निर्णय मुलांचा असू द्या, मेंटॉरचा नको. एकाला किंवा एकीला पार्टप्रमुख नेमा, आणि पहिल्या दोन डब्यांतलं काहीही कुणाला न विचारता द्यायचा अधिकार तिला द्या. बाकीच्यांनी मागणाऱ्याला तिच्याकडे पाठवायचं, बस. पाच जण पाच उत्तरं देतात तेव्हाच भांडणं होतात.

किराणा दुकानात असते तशी एक उधारीची वही ठेवा. टीमचा क्रमांक, पिट क्रमांक, काय नेलं, किती वाजता, कधी परत, नेणाऱ्याचं नाव. उसन्या डब्यातल्या प्रत्येक वस्तूवर एकाच रंगाची इन्सुलेशन टेप आणि मार्करनं तुमचा क्रमांक. मोटरला टेप मागच्या डब्यावर लावा, गिअरबॉक्सच्या बाजूला स्क्रूची भोकं असतात. आमची टेप केशरी आहे, आणि आवराआवरीच्या गोंधळात लांबूनही ती डोळ्यांत भरते.

जळलं, तुटलं तर काय, हे देतानाच एका वाक्यात बोलून घ्या. आमच्याकडे असं आहे: मॅच खेळताना सर्वो गेला तर गेला, आम्ही पैसे मागत नाही. उलटी वायर जोडून किंवा न बघता लावून गेला तर पुढच्या मोसमात तसाच एक द्यायचा. हब असेल तर दोन्ही मेंटॉरची सही. पालकांना हे स्पर्धेच्या आधी दाखवा. पैसे त्यांचे आहेत, त्यांना मागाहून कळणं बरोबर नाही.

'नाही' म्हणायची वेळ आली तर लगेच म्हणा. "बघतो, सांगतो" म्हणून मागणाऱ्याला ताटकळत ठेवणं सगळ्यात वाईट. त्याची रांगेत उभं राहायची वेळ जवळ येत असते. "हा आम्हालाच पुढच्या मॅचला लागणार आहे, देता येत नाही, पण तिसऱ्या रांगेतल्या टीमकडे याच कंपनीचं सामान आहे," असं सांगितलं तरी मोठी मदत होते. त्यासाठी सकाळीच पार्टप्रमुखानं सगळ्या पिटांतून एक चक्कर मारावी आणि कुणाकडे कुठल्या कंपनीचं सामान आहे ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावं. ओळखीही होतात.

एक गोष्ट मी मुलांना अगदी कडक शब्दांत सांगते: कुणाला काय दिलं याची यादी परीक्षकांपुढे वाचायची नाही. त्यांनी विचारलं तर खरं ते सांगा. पण दुसऱ्याची अडचण आपल्या बक्षिसाच्या फायलीत लावायची नसते. ज्या टीमनं मोटर नेली, तिला ते ऐकताना कसं वाटेल याचा विचार करा.

तुम्हीच मागायला गेलात तर

तुटलेला पार्ट हातात घेऊन जा. तोंडी वर्णन करण्यात पाच मिनिटं जातात, आणि तरी भलतंच मिळतं. आधी आपला टीम क्रमांक आणि मॅच किती वाजता ते सांगा, मग पार्टचं पूर्ण नाव, शाफ्ट, वेग. दोन मुलं पुरेत, सगळ्या टीमनं दुसऱ्याच्या पिटमध्ये घुसू नये. ते स्वतः दुरुस्तीत गुंतलेले असतील तर दुसरीकडे जा. मेंटॉरनं मागायला जाऊ नये. मोठ्या माणसानं मागितलं की समोरच्या मुलांना नाही म्हणता येत नाही.

परत करताना पुसून, वायर गुंडाळून, बाद फेरीसाठी आघाड्यांची निवड सुरू व्हायच्या आत न्या. बक्षीस समारंभानंतर कोण कुठे असतं पत्ता लागत नाही, बसेस सुटायला लागलेल्या असतात. बिघडलं असेल तर स्वतःहून सांगा, डब्यात गुपचूप टाकू नका. पुढच्या मॅचला तोच पार्ट कुणीतरी भरवशानं लावणार असतो.

घरी आल्यावर

परत आलेली प्रत्येक मोटर बॅटरीवर नुसती फिरवून ऐका. गिअरबॉक्समधून खरखर येत असेल तर ती बाजूला काढून तसं लिहून ठेवा. सर्वो प्रोग्रॅमरला लावून मूळ सेटिंगवर आणा. हब आला असेल तर त्यातला दुसऱ्यांचा कोड पुसा आणि वायफायचं नाव आपल्या क्रमांकावर परत करा.

मग वही उघडा आणि काय जास्त मागितलं गेलं ते बघा. आमच्या वहीत एक्सटी३० च्या केबल आणि एन्कोडरच्या चारपिनी केबल वर असतात, मोटर त्याखाली. नवा खेळ सप्टेंबरमध्ये जाहीर होतो, तेव्हा सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम पडतात आणि हवा तो पार्ट संपलेला असतो. म्हणून नेहमी लागणारं सामान पावसाळ्यातच मागवा, जमलं तर दोन-तीन टीम मिळून एकत्र, म्हणजे पार्सलचा खर्च वाटला जातो. आणि मागवताना द्यायचं धरूनच आकडा लिहा. आमच्या यादीत ३१२ च्या मोटरसमोर आता असं असतं: ड्राइव्हला चार, स्पेअर एक, पिटला एक.